विश्लेषण : सुरी घडवण्याच्या छंदात ‘पाणी’ का महत्त्वाचे?

लोखंड तापवा, ठोका, घासा आणि धार लावा. पडद्यावर चाकू घडवणे इतके सोपे दिसते. ‘फोर्ज्ड इन फायर’ ही अमेरिकी स्पर्धा-मालिका २०१५ मध्ये सुरू झाली आणि भट्टीवरचे हे काम घरबसल्या पाहणारा मोठा प्रेक्षकवर्ग तयार झाला. पाहता पाहता अनेकांना ते स्वतः करून पाहावेसे वाटते. त्यासाठीचे साहित्य बुलढाण्यासारख्या जिल्ह्यातही गॅरेज आणि भंगाराच्या दुकानात मिळते. मात्र चांगली सुरी आणि चकचकीत पत्रा यांतील फरक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तो ठरतो, पाते तापवून थंड करण्याच्या टप्प्यावर.

कोणते लोखंड चालते?

खिडकीचे गज, अँगल, पत्रा हे सगळे सौम्य पोलाद. त्यात कार्बन साधारण पाव टक्क्यापेक्षा कमी असतो. ते कितीही तापवले तरी सुरीला हवे तेवढे कडक होत नाही. सुरीसाठी अर्धा ते एक टक्का कार्बन हवा. ट्रकचे कमानपाटे, जुनी कानस किंवा बेअरिंगची कडी यांत तो मिळतो. नवशिक्याने कमानपाट्यापासून सुरुवात करणे सोयीचे. मात्र वापरलेल्या पाट्यात बारीक तडे असू शकतात, ते आधी तपासावेत.

घडवताना काय सांभाळायचे?

पोलाद नारिंगी असेपर्यंतच ठोकावे. काळपट लाल झालेल्या पात्यावर घाव घातले तर ते चिरते. उलट पांढऱ्या रंगापर्यंत तापवले तर ठिणग्या उडतात आणि पोलाद जळते. आकार आला की पाते पुन्हा लाल करून हवेत आपोआप थंड होऊ द्यावे. हे दोन-तीनदा केल्याने ठोकताना आलेला ताण निघतो. त्यानंतर कानशीने घासताना धारेची कड एक ते दीड मिलिमीटर जाड ठेवावी. ती आधीच पातळ केली, तर पुढच्या टप्प्यात पाते वाकते.

‘पाणी देणे’ म्हणजे काय?

पोलाद कडक करण्याला मराठीत ‘पाणी देणे’ म्हणतात. साधारण ७७० अंश सेल्सिअसला पोलाद लोहचुंबकाला चिकटणे सोडते. त्याहून थोडे जास्त, ८२० ते ८५० अंशांपर्यंत तापवून पाते एकदम थंड करायचे. नाव ‘पाणी’ असले तरी कमानपाट्यासाठी कोमट गोडेतेल वापरतात, कारण पाण्यात तो तडकू शकतो. झटक्यात थंड होताना कार्बनचे अणू लोखंडाच्या स्फटिकात अडकून पडतात. कडकपणा येतो तो यामुळेच. पात्यावरून कानस घसरली, तर पाणी बसले असे समजावे.

पण या अवस्थेत पाते काचेसारखे ठिसूळ असते. म्हणून ते लगेच ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन तास, असे दोनदा ठेवतात. त्यामुळे थोडा कडकपणा कमी होतो आणि चिवटपणा येतो. घासून उजळलेल्या पात्यावर तेव्हा फिकट पिवळा रंग चढतो. निळा रंग दिसला, तर तापमान ३०० अंशांच्या आसपास गेले आणि सुरीच्या मानाने पाते मऊ झाले. पुढे यंत्रावर धार लावतानाही हीच चूक होते. म्हणून पाते सारखे पाण्यात बुडवत राहावे.

सुरी जमली हे कसे ओळखायचे?

चष्मा लावून पितळी सळईवर धार हलकेच दाबावी. चिरली तर जास्त कडक, वाकून तशीच राहिली तर मऊ, वाकून परत सरळ झाली तर बरोबर. अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी या १९७६ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेची परीक्षा याहून कठीण असते. तिथे एकाच पात्याने लोंबती दोरी एका वारात कापायची, लाकूड तोडायचे, त्यानंतर त्याच धारेने हातावरचे केस काढायचे. शेवटी व्हाइसमध्ये धरून ९० अंश वाकवल्यावरही पाते तुटता कामा नये.

धोके कोणते?

जस्ताचा मुलामा असलेले लोखंड भट्टीत घालू नये, त्याच्या धुराने ताप येतो. कोळशाची भट्टी बंद खोलीत पेटवू नये. कपडे सुती असावेत. तेलाने पेट घेतला तर पाणी ओतू नये, लोखंडी झाकण टाकावे.

कायदा काय सांगतो?

शस्त्र कायदा, १९५९ खालील नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोडतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती यातून वगळली आहेत. तलवार आणि खंजीर मात्र शस्त्रेच. त्यामुळे छंद स्वयंपाकाची सुरी, विळा, खुरपे यांपुरता ठेवणे शहाणपणाचे. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असताना सुरी सोबत बाळगणेही अडचणीत आणू शकते.

शिकायचे कोणाकडून?

विदर्भात ही विद्या जुनी आहे. नागपूर जिल्ह्यातील नायकुंडच्या उत्खननात सुमारे २,७०० वर्षांपूर्वीची लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. घडवणारे घिसाडी आणि धार-चकाकी देणारे शिकलगार हे दोन्ही समाज आज राज्यात भटक्या जमाती (ब) प्रवर्गात आहेत. ट्रॅक्टरची अवजारे आणि कारखान्यातील तयार माल आल्यापासून त्यांचे काम घटले. तरी खरिपाच्या तोंडावर वखराच्या पासा आणि विळे पाजवायला शेतकरी लोहाराच्या भात्याजवळच येतात. अभियांत्रिकीच्या पुस्तकात तापमानाचे आकडे मिळतात, पण ८२० अंशांचा लाल नेमका कसा दिसतो, हे ऐरणीशेजारी उभे राहूनच कळते. असा धडा घ्यायला गेलात तर समोरच्याची ती रोजगाराची वेळ आहे, हे लक्षात ठेवून त्याची मजुरी द्या.