वस्तऱ्याची धार : दगडावर आणि पट्ट्यावर

वस्तरा : बारा बलुतेदारांच्या व्यवस्थेत यवतमाळसह वऱ्हाडातील न्हाव्याच्या धोकटीतले हे मुख्य हत्यार होते; त्याचे पाते मुठीच्या खाचेत मिटते व त्याच्या दोन्ही बाजू सारख्या असतात, जपानी 'कामिसोरी' मात्र मिटत नाही आणि तिच्या दोन बाजूंचा आकार भिन्न असतो.

दगड : पात्याची जाड पाठ आणि धार एकाच वेळी टेकवून, धार पुढे ठेवून पाते दगडावरून सरकवतात, पाठीच्या जाडीमुळे कोन आपोआप कायम राहतो, म्हणूनच पाठ उचलली की धार बिघडते, आणि घरी धार लावताना सर्वाधिक जपण्याची गोष्ट हीच आहे. दगडाच्या कणांचा बारीकपणा अंकाने सांगतात : सुमारे १००० अंकाचा दगड धार बसवतो, ८००० अंकाचा ती गुळगुळीत करतो. कामिसोरीच्या दोन बाजू सहसा कमीअधिक प्रमाणात घासतात.

चामड्याचा पट्टा : येथे दिशा उलटी, म्हणजे पाठ पुढे व धार मागे असते, पट्टा नवी धार काढत नाही, असलेली सरळ करतो.

बदलत्या ब्लेडचा वस्तरा : एचआयव्ही, हिपॅटायटिस बी यांसारख्या रक्तातून पसरणाऱ्या संसर्गांच्या धोक्यामुळे सलूनांत रूढ; त्याला धार लावावी लागत नाही.