शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर दहा वर्षांत परत का येतो?

पावसाळ्यात कुठे नदी गावात शिरली की दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत एक वाक्य हमखास असतं : असा पाऊस शंभर वर्षांतून एकदाच पडतो. ऑगस्ट 2018 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या रंगावली नदीचं पाणी नवापूर शहरात शिरलं, काठावरची घरं पडली, माणसं दगावली. अशा वेळी काठावर राहणाऱ्याला एकच गोष्ट जाणून घ्यायची असते. पुन्हा कधी? हा प्रश्न हवामानशास्त्राचा वाटतो, पण त्याचं अर्धं उत्तर संख्याशास्त्राकडे आहे.

शाळेत शिकवलं जाणारं संख्याशास्त्र सरासरीभोवती फिरतं. नवापूरला नंदुरबार-शहाद्यापेक्षा पाऊस बराच जास्त, म्हणूनच इथे भात पिकतो, हे सरासरी सांगते. पूल मात्र सरासरी पावसाने वाहून जात नाही. त्याला वर्षातला एकच दिवस पुरतो. त्या एका दिवसाचं गणित वेगळं आहे आणि त्याचा उगम, कापूस पिकवणाऱ्या खान्देशाला गंमत वाटावी असा, सुताच्या धाग्यात आहे.

लेनर्ड टिपेट हे इंग्लंडमधल्या सूतगिरण्यांसाठी संशोधन करणाऱ्या मँचेस्टरच्या संस्थेत काम करत. सूत का तुटतं, याचा शोध त्यांना घ्यायचा होता. धाग्याची ताकद त्यातल्या सगळ्या तंतूंच्या सरासरीवर ठरत नाही. सर्वांत कच्चा भाग जिथे असेल तिथे तो तुटतो. मग ‘सर्वांत कच्चा’ किंवा ‘सर्वांत मोठा’ या आकड्यांना काही नियम असतो का? टिपेट आणि रोनाल्ड फिशर यांनी 1928 मध्ये याचं उत्तर दिलं. मूळ आकडे कसेही विखुरलेले असोत, मोठ्या गटांतले कमाल आकडे एखाद्या वक्रावर स्थिरावणार असतील, तर तो वक्र तीनच प्रकारांपैकी एक असतो. एका प्रकाराला वरची मर्यादा असते, दुसऱ्याचं शेपूट, म्हणजे फार मोठ्या आकड्यांकडचं टोक, झपाट्याने बारीक होतं, तिसऱ्याचं शेपूट जाड आणि लांब असतं. जगभरातल्या रोजच्या पावसाच्या नोंदी बहुतेक ठिकाणी तिसऱ्या प्रकाराकडे झुकतात. आजवरच्या विक्रमाच्या दीडपट पाऊस एका दिवसात पडला तर धक्का बसतो, पण गणिताच्या दृष्टीने ते अशक्य नसतं.

हे गणित नद्यांपर्यंत नेलं एमिल गुंबेल यांनी, आणि या माणसाची आठवण पुराच्या चर्चेत क्वचितच निघते. ते 1891 मध्ये म्युनिकला जन्मले. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत राजकीय खुनांचं सत्र सुरू झालं, तेव्हा या संख्याशास्त्रज्ञाने ते मोजायला घेतले. 1922 च्या त्यांच्या पुस्तकात हिशेब होता : उजव्या गटांनी केलेले खून 354, डाव्यांनी केलेले 22. उजव्यांचे बहुतेक मारेकरी शिक्षेविना सुटले, हेही त्यांनी प्रकरणागणिक दाखवून दिलं. हायडेलबर्ग विद्यापीठातली जागा 1932 मध्ये गेली, पुढच्या वर्षी नाझी सरकारने नागरिकत्व काढून घेतलं. फ्रान्समार्गे ते 1940 मध्ये अमेरिकेला पोहोचले आणि दुसऱ्याच वर्षी पुराच्या पुनरागमन काळावर, म्हणजे तेवढा पूर सरासरी किती वर्षांनी परत येतो यावर, त्यांचा शोधनिबंध आला. जगभरचे अभियंते आजही धरणाचा सांडवा किंवा पुलाची उंची ठरवताना ‘गुंबेल पद्धत’ वापरतात. त्या नावामागचा माणूस फार थोड्यांना ठाऊक असतो.

या साखळीत एक मराठी नावही आहे. कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार हे पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाचे संस्थापक आणि जयंत नारळीकरांचे मामा. हाती असलेल्या नोंदींवरून वक्राचा आकार ठरवण्यासाठी आज ‘महत्तम संभाव्यता’ ही पद्धत सर्रास वापरली जाते. नोंदी वाढत गेल्या की या पद्धतीच्या समीकरणाचं खऱ्या किमतीकडे नेणारं उत्तर एकच उरतं, हे काही सर्वसाधारण अटींखाली हुजूरबाजारांनी 1948 मध्ये दाखवलं. अतिवृष्टी हा त्यांचा विषय नव्हता, पण अतिवृष्टीचा अभ्यासक ज्या पायावर उभा राहतो त्यातला एक चिरा त्यांचा आहे.

आता ‘शंभर वर्षांतून एकदा’ याचा खरा अर्थ. असा पूर कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता एक टक्का, एवढंच हे शब्द सांगतात. यंदा आला म्हणून पुढची नव्याण्णव वर्षं निर्धास्त, असं मुळीच नाही. नदीकाठी घर बांधून तीस वर्षं राहणाऱ्या कुटुंबाला असा पूर एकदा तरी गाठण्याची शक्यता 26 टक्के, म्हणजे चारात एक. शिवाय एकमेकींवर अवलंबून नसलेली दहा खोरी धरली, तर त्यांपैकी कुठे ना कुठे असा पूर येण्याची दरवर्षीची शक्यता जवळपास दहा टक्के होते. दर दहाएक वर्षांनी परिसरात ‘शतकातला पूर’ येतो तो यामुळे. त्यात निसर्गाने नियम मोडलेला नसतो.

गणित नीट बसलं तरी त्याला खाद्य लागतं नोंदींचं, आणि तिथे अडचणी सुरू होतात. पहिली अडचण वेळेची. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. कर्मचारी पर्जन्यमापकातलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओततो, पाण्याच्या वक्र पृष्ठाचा तळ डोळ्यांच्या रेषेत आणतो, आकडा वाचतो आणि नोंदवहीत लिहितो. समजा, पहाटे पाचला सुरू झालेल्या पावसाने दुपारपर्यंत 160 मिलिमीटर पाणी ओतलं आणि त्यातलं निम्मं साडेआठच्या आधी पडलं. नोंदवहीत दोन तारखांना 80-80 मिलिमीटर दिसतील. नदीने मात्र 160 चा तडाखा दिलेला असतो. यावर उपाय म्हणून जलशास्त्रज्ञ अशा ठरावीक वेळेच्या कमाल आकड्यांत सरासरी 13 टक्क्यांची वाढ करून घेतात. नोंदवहीतला आकडा तसाच घेऊन पुलाचा आराखडा करणं किती धोक्याचं आहे, हे यावरून कळावं.

दुसरी अडचण अंतराची. 26 जुलै 2005 ला मुंबईत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा त्याच शहरातल्या कुलाब्याला 75 मिलिमीटरही भरला नाही. मापक कुलाब्यालाच असता तर तो दिवस विक्रमांच्या यादीत आलाच नसता. डोंगरातून उतरणाऱ्या छोट्या नदीचं खोरं दोन मापकांच्या मधोमध सहज हरवतं.

तिसरी अडचण सर्वांत मोठी : हे सगळं गणित उद्याचं हवामान कालच्यासारखंच असेल असं धरून चालतं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतले भूपेंद्रनाथ गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी 1951 ते 2000 या काळातल्या मध्य भारताच्या रोजच्या पावसाच्या नोंदी तपासल्या. 2006 मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेला त्यांचा निष्कर्ष सरासरीची मर्यादाच दाखवून गेला. मोसमी पावसाच्या सरासरीत लक्षणीय बदल नाही, पण दिवसाला 100 मिलिमीटरच्या वरच्या घटना वाढल्या आणि मध्यम पाऊस घटला. वाढ आणि घट एकमेकींना फेडून टाकत होत्या, म्हणून सरासरी शांत दिसत होती. याच संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल यांनी 2017 मध्ये मध्य भारतातल्या विस्तृत अतिवृष्टीच्या घटना 1950 पासून तिपटीने वाढल्याचं दाखवलं आणि त्याचा संबंध अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाशी जोडला. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते.

तरीही ‘सगळीकडे अतिवृष्टी वाढली’ असं सरसकट म्हणणं चूक ठरेल. मुंबईच्या आयआयटीतले सुबिमल घोष आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये कमाल आकड्यांचं हेच शास्त्र देशभरच्या नोंदींना लावलं. त्यांना देशभर एकसारखा वाढीचा कल सापडला नाही. ठिकाणाठिकाणांतला फरक मात्र वाढत चाललेला दिसला. गोस्वामींच्या अभ्यासाची चौकट पश्चिमेला 74.5 अंश रेखांशावर संपते. धुळे तिच्या आत येतं. नंदुरबार बाहेर राहतं आणि नवापूर तर तिच्यापासून सुमारे सत्तर किलोमीटर पश्चिमेला आहे. मध्य भारताचा तो निष्कर्ष जसाच्या तसा रंगावलीला चिकटवता येत नाही. रंगावलीचा अभ्यास रंगावलीच्याच नोंदींवर व्हायला हवा.

नोंदी थोड्या असल्या तरी मार्ग आहेत. सारख्या स्वभावाच्या शेजारच्या केंद्रांच्या नोंदी एकत्र करून वक्र बसवण्याची पद्धत हॉस्किंग आणि वॉलिस यांनी 1997 च्या ग्रंथात मांडली. दहा केंद्रांची तीस-तीस वर्षं एकत्र आली की एका केंद्राच्या तुटपुंज्या माहितीला मोठा आधार मिळतो. त्याहून मागे जायचं तर जमिनीलाच विचारावं लागतं. पुणे विद्यापीठातले भूरूपशास्त्रज्ञ विश्वास काळे यांनी परदेशी सहकाऱ्यांसह नर्मदा आणि तापी या नंदुरबार जिल्ह्याच्याच दोन मोठ्या नद्यांच्या पुरांचा मागोवा घेतला. महापुराचं पाणी उपनदीच्या मुखाशी मंदावतं आणि तिथे गाळ-वाळूचा थर टाकून जातं. नर्मदेच्या घळईतल्या अशा थरांचं वय काढून त्यांनी कित्येक शतकांचा इतिहास उभा केला. मापक बसवण्याआधीचे पूर असे हिशेबात येतात.

राज्यात ‘महावेध’ प्रकल्पातून महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली आहेत. त्यांचे तासातासाचे आकडे नुकसानभरपाईपुरते वापरून सोडून देऊ नयेत. तहसील कार्यालयांतल्या पावसाच्या जुन्या नोंदवह्यांची पानं वाळवी लागण्याआधी स्कॅन करून सर्वांसाठी खुली करावीत. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाने आणि जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी नवापूर, विसरवाडी, चिंचपाडा, खांडबारा इथले वार्षिक कमाल आकडे प्रकल्प म्हणून विद्यार्थ्यांच्या हाती द्यावेत. रंगावलीवरचा पुढचा पूल किती उंच हवा, हे ठरवताना सार्वजनिक बांधकाम खात्याने तेच आकडे मागवावेत.