काजळीत दडलेला आवाज

ध्वनिमुद्रणाचा जनक कोण, असे विचारले तर आपण चटकन एडिसनचे नाव घेतो. त्याचा फोनोग्राफ १८७७ चा. परंतु त्याआधी वीस वर्षे, १८५७ मध्ये, पॅरिसच्या स्कॉट नावाच्या मुद्रकाने ‘फोनोटोग्राफ’ या यंत्राचे पेटंट घेतले होते. कर्ण्यात गायले की पडदा थरथरे आणि त्याला जोडलेला राठ केस काजळी धरलेल्या कागदावर नागमोडी रेघ ओढी. रेघ डोळ्यांनी पाहायची. ऐकण्याची सोयच नव्हती.

१८६० साली उमटलेली एका फ्रेंच लोकगीताची रेघ अमेरिकेतील संशोधकांनी २००८ मध्ये संगणकाच्या साहाय्याने ऐकती केली. आवाज बाईचा वाटला! वेग ठरवला होता तो शेजारीच उमटलेल्या नादकाट्याच्या रेघेवरून. त्याची कंपने सेकंदाला ५०० धरली होती. पण त्या काळचे फ्रेंच जाणे आणि येणे वेगवेगळे मोजत. म्हणजे खरी कंपने २५०! २००९ मध्ये वेग निम्मा करताच पुरुषाचा, बहुधा खुद्द स्कॉटचाच, संथ स्वर ऐकू आला.

मला या शोधाचे श्रेय संगणकाइतकेच तो मुका कागद जपून ठेवणाऱ्यांचेही वाटते. कोणता कागद उद्या बोलू लागेल, हे आज कोणी सांगावे?