खापर अनवाणी पायांवर

फुटबॉलचा विश्वचषक तोंडावर आला की आपल्याकडे एक गोष्ट हमखास उगवते. "आपण 1950 सालीच विश्वचषकाला पात्र ठरलो होतो, पण आपली पोरं अनवाणी खेळायची, म्हणून फिफाने बंदी घातली." चहाच्या टपरीवर, ऑफिसच्या कँटीनमध्ये, शाळेच्या प्रश्नमंजूषेत, कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात, सगळीकडे ती अशी सांगितली जाते की सांगणारा जणू तेव्हा फिफाच्या बैठकीत बसला होता. या एका वाक्यात तीन विधानं आहेत. आपण पात्र ठरलो, हे निम्मं खरं. खेळाडू अनवाणी खेळायचे, हे बरंचसं खरं. बंदी घातली, हे साफ खोटं. आणि लोकांना आवडतं ते नेमकं तिसरंच.

आधी पात्रतेचं बघू. 1950च्या स्पर्धेसाठी पात्रता फेरीत भारताच्या गटात ब्रह्मदेश, इंडोनेशिया आणि फिलिपिन्स होते. तिघांनीही माघार घेतली आणि भारत एकही सामना न खेळता आत गेला. मे महिन्यात ब्राझीलमध्ये ड्रॉ निघाला, त्यात भारताचं नाव इटली, स्वीडन आणि पराग्वे यांच्या गटात आलं. स्पर्धा 24 जूनला सुरू व्हायची होती. ती सुरू होण्याआधीच आपल्याच अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने कळवलं की आम्ही येत नाही. फिफाने कुणाला दारातून परत पाठवलं नाही. आपण घरातूनच निघालो नाही.

आता ती कथित बंदी. स्वतंत्र भारताचा संघ 1948 साली लंडन ऑलिंपिकमध्ये फ्रान्सशी खेळला. अकरांपैकी आठ जण अनवाणी होते. आपण दोन पेनल्टी वाया घालवल्या आणि शेवटच्या मिनिटांत गोल खाऊन 2-1 असे हरलो. तिथल्या प्रेक्षकांनी या अनवाणी संघाचं कौतुकच केलं. 1952 साली हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने आपल्याला 10-1 असं धुतलं, तेव्हाही आपले बरेच खेळाडू अनवाणीच होते. ऑलिंपिकचा फुटबॉलही फिफाच्याच नियमांनी खेळला जातो. मग 1950 साली ज्या पायांवर बंदी आली, तेच पाय दोन वर्षांनी हेलसिंकीच्या मैदानात कसे उतरले? हा प्रश्न विचारला की समोरचा क्षणभर थांबतो आणि म्हणतो, "पण सगळीकडे तसंच लिहिलंय."

लिहिलंय, हे खरं आहे. बूट सक्तीचे झाले, हेही खरं आहे. पण ते हेलसिंकीतल्या त्या फजितीनंतर, आणि ते सक्तीचे केले आपल्या महासंघाने. म्हणजे 1952 नंतरचा घरचा नियम लोकांनी उचलून 1950त नेऊन ठेवला आणि त्यावर फिफाचा शिक्का मारला. हे बूट चढवून 1956 साली मेलबर्न ऑलिंपिकला गेलेला संघ चौथा आला. त्या संघात मूळचा गोव्यातल्या आसगावचा आणि मुंबईत वाढलेला नेव्हिल डिसोझा होता, ज्याने ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक केली. ही गोष्ट खरी आहे, आपल्या माणसाची आहे, आणि ती मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.

अनवाणी खेळण्याबद्दलही एक करुण समजूत आहे, की बिचाऱ्यांकडे बुटांना पैसे नव्हते. बूट मिळत होते. काही जण घालतही होते. 1911 साली ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आयएफए शील्ड जिंकणाऱ्या मोहन बागानच्या संघातही दहा जण अनवाणी आणि एक बूटवाला होता. कोलकात्याच्या पावसाळी, मऊ मैदानांवर पायाला पट्ट्या गुंडाळून खेळण्याची सवय होती आणि त्यातच चेंडूवर पकड बसते, असं खेळाडूंना वाटायचं. कोरड्या, कडक किंवा गारठलेल्या मैदानावर ती सवय महागात पडायची, हा भाग वेगळा.

मग गेलो का नाही? इथे उत्तर एका वाक्यात मिळत नाही, आणि बहुधा म्हणूनच ते लोकप्रिय झालं नाही. महासंघाने सरावाला वेळ नाही, संघनिवडीवरून मतभेद आहेत, अशी कारणं पुढे केली. समुद्रमार्गे लांबलचक प्रवास होता, परकीय चलनाची टंचाई होती. आपल्याकडचे सामने तेव्हा 70 मिनिटांचे असत आणि तिथे 90 मिनिटं पळायचं होतं. पण या सगळ्याच्या मुळाशी एक साधी गोष्ट होती. विश्वचषक ही फार मोठी स्पर्धा आहे, असं आपल्याकडे कुणाला वाटतच नव्हतं. सैलेन मन्ना, जे 1951 साली आशियाई सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघाचे कर्णधार होते, त्यांनी पुढे मुलाखतीत स्पष्ट सांगितलं की आम्हाला विश्वचषकाची काही कल्पनाच नव्हती, आमच्यासाठी ऑलिंपिक हेच सर्वस्व होतं. अनवाणी पायांचं कारण महासंघाने स्वतःची बाजू सावरण्यासाठी पुढे केलं, असंही त्यांचं म्हणणं होतं. शंका असेल त्याने नोव्ही कपाडिया यांचं 2017 सालचं 'बेअरफूट टू बूट्स' वाचावं. भारतीय फुटबॉलवर आयुष्यभर लिहिणाऱ्या माणसाचं ते पुस्तक आहे.

"गरीब देश होता हो, पैसे कुठून आणणार?" हा पुढचा बचाव. प्रवासखर्चाचा मोठा वाटा उचलायची तयारी ब्राझीलने दाखवली होती. पैशाअभावी अडणं म्हणजे काय, ते बघायचं तर कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांकडे बघावं. 1952च्या हेलसिंकीला जाण्यासाठी त्यांना वर्गणी गोळा करावी लागली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा गेले आणि फ्रीस्टाइल कुस्तीत कांस्यपदक घेऊन आले. (पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक लिअँडर पेसने 1996 साली मिळवलं, असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक खाशाबांचं.) ज्याला जायचंच होतं, तो असा गेला.

बरं, त्या वर्षी न जाणारे आपण एकटेच होतो का? मुळीच नाही. स्कॉटलंडला ब्रिटिश स्पर्धेत दुसरं आलं तरी जागा होती, पण पहिले आलो तरच जाऊ, असं त्यांनी आधीच जाहीर केलं होतं. दुसरे आले, आणि घरी बसले. तुर्कस्तान पात्र ठरूनही गेला नाही. रिकाम्या जागांसाठी फ्रान्स आणि पोर्तुगालला बोलावलं, तर पोर्तुगालने नाही म्हटलं आणि फ्रान्सने आधी होकार देऊन मग माघार घेतली. शेवटी 13 संघांवर स्पर्धा उरकली. एका गटात तर उरुग्वे आणि बोलिव्हिया असे दोनच संघ होते. उरुग्वेने बोलिव्हियाला 8-0 असं हरवलं आणि पुढे जाऊन चषकही जिंकला. स्कॉटलंडच्या खेळाडूंना बूट नव्हते म्हणून फिफाने हाकललं, असं कुणी म्हणतं का?

आपण स्वतःहून गेलो नाही, हे आपल्याला पटत नाही, कारण आपण 1950च्या विश्वचषकाकडे आजच्या टीव्हीच्या पडद्यातून बघतो. महायुद्धामुळे ही स्पर्धा बारा वर्षं झालीच नव्हती. आपल्याकडे तिचं वेड पसरलं ते खूप नंतर, दूरदर्शनवर सामने दिसायला लागल्यावर, आणि 1986च्या मॅराडोनाने त्यावर कळस चढवला. पात्रता सामन्यांत भारत पहिल्यांदा उतरला तोही त्याच 1986च्या स्पर्धेसाठी. ही मधली पस्तीस वर्षं कुठल्या बंदीमुळे गेली? फिफाला खलनायक केलं की हा प्रश्न कुणाला विचारावा लागत नाही. महासंघाची उदासीनता झाकली जाते आणि दोष जातो त्या खेळाडूंच्या पायांवर, ज्यांनी 1951 साली दिल्लीत इराणला हरवून सुवर्णपदक आणलं होतं.

"गेलो असतो तर जिंकलो असतो" याला तर उत्तर काय द्यायचं? गटातला स्वीडन 1948चा ऑलिंपिक विजेता होता. इटली गतविजेता होता, जरी 1949च्या सुपर्गा विमान अपघातात त्यांच्या संघाचा कणाच गेला होता. गटातले तीन सामने खेळून शिकून आलो असतो, एवढंच म्हणता येतं.

बाकीच्या गप्पांना एवढी जागा द्यायची गरज नाही.

हॉकी हा राष्ट्रीय खेळ नाही. असा कुठलाही खेळ सरकारने जाहीर केलेला नाही. माहितीच्या अधिकारात विचारणाऱ्यांना, त्यात धुळ्याचे एक शिक्षकही आले, केंद्र सरकारने तसं लेखी कळवलेलं आहे. पाठ्यपुस्तकात वाचलं असेल तर पाठ्यपुस्तक चुकलं.

व्हिडिओ गेमवाल्यांची लाडकी गोष्ट म्हणजे अणुबॉम्ब टाकणारे गांधीजी. 1991च्या 'सिव्हिलायझेशन' गेममध्ये गांधींची आक्रमकता 1 होती, लोकशाही स्वीकारल्यावर त्यातून 2 वजा झाले, आकडा शून्याखाली जाण्याऐवजी उलटा फिरून 255 झाला आणि अहिंसेचा पुजारी अणुयुद्ध करू लागला. पुण्यातले संगणक अभियंते ही गोष्ट नवशिक्यांना प्रोग्रॅमिंगचा धडा म्हणून सांगतात. धडा बरोबर आहे, उदाहरण बनावट आहे. गेमचा कर्ता सिड मायर याने 2020च्या आपल्या आठवणींत लिहिलंय की असा बग कधी नव्हताच. पुढे 2010च्या पाचव्या आवृत्तीत मात्र गांधींची अणुबॉम्बची ओढ मुद्दाम वाढवून ठेवण्यात आली. तो विनोद होता.

निवडणुकीत 'नोटा'ला सर्वाधिक मतं पडली की फेरनिवडणूक होते, हे लोकसभा-विधानसभेला लागू नाही. तिथे उमेदवारांत ज्याची मतं जास्त, तो निवडून येतो. 2019 साली लातूर ग्रामीणमध्ये नोटा 27 हजारांवर मतं घेऊन दुसऱ्या क्रमांकावर होतं; पहिलं आलं असतं तरी आमदार ठरलाच असता. गोंधळाचं एक कारण आपल्याच राज्यात आहे. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने 2018 साली स्थानिक स्वराज्य संस्थांपुरता फेरनिवडणुकीचा आदेश काढला होता. नगरपालिकेचा नियम विधानसभेला लावू नका.

हिंदी राष्ट्रभाषा नाही; राज्यघटनेच्या 343व्या कलमानुसार ती संघराज्याची राजभाषा आहे.

आणि 'जन गण मन'ला युनेस्कोने जगातलं सर्वोत्कृष्ट राष्ट्रगीत ठरवलेलं नाही. युनेस्को राष्ट्रगीतांच्या स्पर्धा भरवत नाही.