छपराखालचा पिंजरा

२०२० च्या जानेवारीत माँटे कार्लो रॅलीत ओट टानाक आणि त्याचा सहचालक मार्टिन यार्वेओया यांची ह्युंदाई ताशी १८० किलोमीटरच्या आसपास वेगात असताना रस्ता सोडून डोंगरउतारावर गेली. झाडं मोडत, कोलांट्या खात ती खालच्या रस्त्यावर येऊन आदळली. गाडीत गाडी म्हणावं असं काही उरलं नव्हतं. दोघं मात्र स्वतःच्या पायांनी बाहेर आले.

त्यांना वाचवणाऱ्या गोष्टींत मोठा वाटा छपराखालच्या पोलादी पिंजऱ्याचा, म्हणजे रोल केजचा. बॉनेट, डिकी, चाकं यांनी खुशाल मोडावं, मोडता मोडता धक्का पचवावा. माणसं बसतात तेवढ्या जागेचा आकार मात्र बदलता कामा नये. पिंजऱ्याचं काम एवढंच, आणि तेच अवघड.

सुरुवात होते सीटमागच्या मुख्य कमानीपासून. एकाच अखंड पाइपचा हा उलटा यू दोन्ही बाजूंना खांबांना शक्य तितका चिकटून उभा राहतो. त्याच्या खांद्यांपासून दोन सरळ टेकू मागे उतरतात. मोटरस्पोर्टची आंतरराष्ट्रीय संघटना एफआयए हिच्या नियमाप्रमाणे ते उभ्या रेषेशी किमान ३० अंशांचा कोन करतात, कारण त्याहून उभा टेकू कमानीला मागे झुकू देतो. पुढे काचेच्या खांबांलगतचे पाइप छपराखालून येऊन कमानीला मिळतात.

एवढं झालं की पिंजरा दिसायला पुरा वाटतो, पण तो पुरा नसतो. घरातली नटबोल्टची लोखंडी मांडणी आठवा. मागची फुलीची पट्टी काढली, तर पट्ट्या कितीही जाड असोत, मांडणी डुलते. चौकोन कोपऱ्यांत मुरगळतो. त्रिकोण मुरगळायचा तर त्याची एखादी बाजू ताणली किंवा दबली पाहिजे, आणि ताणाला-दाबाला पोलाद चिवट असतं. म्हणून मुख्य कमानीत फुली, छपरात फुली, दारांतही फुली. दाराची फुली सर्वांत मोलाची, कारण तिथे माणूस आणि झाड यांच्यामध्ये वीतभरच जागा असते. फुलीचे पाइप जिथे मिळतात तिथे पत्र्याचे गसेट जोडतात, म्हणजे धक्का एकट्या सांध्यावर येत नाही.

आता पाइप. मुख्य कमानीसाठी एफआयए दोन मापं देते: ४५ मिमी व्यास आणि २.५ मिमी जाडी, किंवा ५० मिमी व्यास आणि २ मिमी जाडी. हिशेब करून पाहा. दुसऱ्या पाइपची भिंत पातळ, मीटरमागे वजन पाव किलोने कमी, तरी वाकायला तो सुमारे १५ टक्के जास्त विरोध करतो. धातू मध्यापासून जितका लांब तितका जास्त उपयोगी पडतो. म्हणून ‘जाड पाइप टाका’ हा सल्ला अर्धवट आहे. पाइप सीमलेस आणि कोल्ड ड्रॉन हवा, ताणबळ किमान ३५० न्यूटन प्रति चौरस मिमी. पाण्याच्या नळाचा जीआय पाइप पिंजऱ्यासाठी कधीच वापरू नये, तो कितीही भक्कम दिसला तरी. वाकवतानाही घाई नको: वळणाची त्रिज्या व्यासाच्या किमान तिप्पट, आणि आतल्या बाजूला सुरकुती दिसली तर तो पाइप बाद. अशा सुरकुतीपासून पिंजरा मोडू शकतो.

पाइप गाडीच्या फ्लोअरला टेकतो तिथे आणखी एक फसगत आहे. ४५ मिमी पाइपच्या कडेचं क्षेत्रफळ जेमतेम ३.३ चौरस सेंटिमीटर आणि खाली गाडीचा पातळ पत्रा. गाडी उलटली की पाइप तो पत्रा फाडून सरळ खाली जाईल. म्हणून पायाखाली ३ मिमी जाडीची, किमान १२० चौरस सेंटिमीटरची प्लेट बॉडीला वेल्ड करतात. ती नुसत्या सपाट फ्लोअरवर न ठेवता दाराखालच्या पेटीसारख्या सिलपर्यंत वळवून नेली, तर भार खऱ्या अर्थाने बॉडीत उतरतो.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. रोज ऑफिसला न्यायच्या गाडीत हौस म्हणून पिंजरा बसवू नका. रॅलीत डोक्यावर हेल्मेट असतं, खांद्यांवरून सीटबेल्ट असतात, डोकं आपटेल तिथे पाइपवर खास पॅडिंग असतं. हे काही नसेल, तर साध्या टकरीतही उघड्या डोक्याशेजारी पोलादी पाइपच असतो.

राहिलं वेल्डिंग. दोन पाइप मिळतात तिथे एकाचं टोक माशाच्या तोंडासारखं कापून दुसऱ्यावर घट्ट बसवतात. फट राहिली तर ती वेल्डने भरायची नाही, टोक पुन्हा कापायचं. मग वेल्ड पाइपभोवती पूर्ण फिरला पाहिजे. अडचण छपराजवळ येते: पाइप पत्र्याला इतका लगटून असतो की वरच्या बाजूला वेल्डिंगचा टॉर्च शिरतच नाही. चांगले कारागीर त्यासाठी कमानीच्या पायांखाली फ्लोअरला भोकं पाडतात, अख्खा पिंजरा भोकांतून थोडा खाली सोडतात, वरचे सांधे सगळीकडून वेल्ड करतात, मग पिंजरा वर उचलून भोकांवर प्लेटा बसवतात. आळशी कारागीर वरचा भाग सोडून देतो आणि रंग मारतो. पिंजरा विकत घेताना छपराच्या फटीत छोटा आरसा आणि टॉर्चचा उजेड धरा, आणि सांध्याची वरची बाजू स्वतः पाहा.