स्टेडियमचा खर्च कोणाच्या माथी?

अमेरिकेतील मिनीॲपोलिस शहरात १२ डिसेंबर २०१० रोजी पहाटे एका स्टेडियमचे छप्पर बर्फाच्या भाराने फाटून खाली आले. मेट्रोडोम नावाचे हे स्टेडियम १९८२ साली उघडलेले. त्याचे कापडी छप्पर आत भरलेल्या हवेच्या दाबावर तोलून धरलेले होते. सुदैवाने कोणास इजा झाली नाही; परंतु कित्येक वर्षे नुसताच घोळत पडलेल्या एका प्रश्नाला या घटनेने एकाएकी निकड आणली. मिनेसोटा व्हायकिंग्ज या व्यावसायिक फुटबॉल संघाला नवे स्टेडियम हवे होते, आणि त्याच्या खर्चाचा मोठा वाटा राज्याने व शहराने उचलावा अशी संघाच्या मालकांची मागणी होती.

हा फुटबॉल म्हणजे कोल्हापूर-गोव्याकडे चालणारा फुटबॉल नव्हे. लांबोळका चेंडू हातात घेऊन धावण्याचा हा खास अमेरिकन खेळ आहे. राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्ये संघ अवघे ३२. ही संख्या वाढवायची की नाही हे लीगच ठरविते, आणि लीग म्हणजे संघमालकांचीच संघटना. साहजिकच संघ कमी आणि ते हवे असणारी शहरे अधिक, अशी स्थिती कायम राहते. लॉस एंजलिससारख्या महानगरात १९९५ पासून एकही संघ नव्हता. संघ तिकडे निघून जाईल एवढी कुजबुज कोणत्याही विधिमंडळाची झोप उडविण्यास पुरेशी होती. उघड धमकी देण्याचीही गरज नसते, हीच या व्यवस्थेची खरी मेख आहे.

राज्याच्या तिजोरीची अवस्था त्या वेळी काय होती? जुलै २०११ मध्ये अंदाजपत्रकावर तडजोड न झाल्याने मिनेसोटा सरकारचा कारभार वीस दिवस बंद पडला होता. अखेर जी तडजोड झाली तीत शाळांना द्यावयाच्या अनुदानापैकी ६० टक्केच रक्कम त्या वर्षी द्यावी व उरलेली ४० टक्के पुढील वर्षावर ढकलावी असे ठरले. अनुदानाच्या हप्त्याची वाट पाहणे म्हणजे काय हे आपल्याकडील शिक्षकांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. ज्या विधिमंडळाने शाळांचे पैसे लांबणीवर टाकले, त्याच विधिमंडळापुढे दुसऱ्याच वर्षी स्टेडियमचे विधेयक आले.

१६ एप्रिल २०१२ रोजी प्रतिनिधिगृहाच्या एका समितीने ते फेटाळले. चारच दिवसांनी लीगचे आयुक्त रॉजर गुडेल स्वतः गव्हर्नर मार्क डेटन यांच्या भेटीस आले. मे महिन्यात हेच विधेयक प्रतिनिधिगृहात ७१ विरुद्ध ६० व सीनेटमध्ये ३६ विरुद्ध ३० मतांनी संमत झाले. एकूण खर्च ९७ कोटी ५० लाख डॉलर. त्यात राज्याचा वाटा ३४ कोटी ८० लाख, शहराचा १५ कोटी आणि बाकीचा संघाचा. शेवटच्या घासाघिशीत संघाचा वाटा पाच कोटींनी वाढला. मंदीच्या काळात बांधकाम मजुरांना काम मिळेल, हा डेटन यांचा मुख्य युक्तिवाद. तो अगदीच पोकळ होता असे म्हणता येणार नाही.

परंतु शहराच्या बाबतीत जे घडले त्याचे समर्थन करणे कठीण आहे. व्यावसायिक खेळाच्या स्टेडियमवर शहराने एक कोटी डॉलरहून अधिक खर्च करावयाचा असल्यास नागरिकांचे मत घेतले पाहिजे, असे कलम मिनीॲपोलिसच्या मतदारांनी १९९७ साली आपल्या नगर-सनदेत घातले होते. पंधरा कोटींच्या बाबतीत ते मत घेतले गेले नाही. हे कर राज्याच्या अधिकारातले आहेत, सबब सनदेचे कलम त्यांस लागू नाही, अशी पळवाट कायद्यातच करून ठेवण्यात आली आणि महापालिकेने ७ विरुद्ध ६ मतांनी मान डोलावली. न्यायालयातील आव्हानही टिकले नाही. कायद्याच्या दृष्टीने सर्व काही यथास्थित झाले. ज्यांनी कलम घातले त्या नागरिकांना मात्र कोणी विचारले नाही.

राज्याच्या वाट्याची कथा अधिक मौजेची आहे. मद्यगृहांतून धर्मादाय संस्थांसाठी फाडून उघडावयाच्या चिठ्ठ्यांचा जुगार तेथे पूर्वीपासून चालतो. तो विजेच्या यंत्रावर आणला म्हणजे करापोटी २०१३ साली साडेतीन कोटी डॉलर मिळतील असा अंदाज होता. पुढे तो अंदाज १७ लाखांवर आला! शेवटी सिगारेटवरील एकवेळचा कर आणि कंपन्यांच्या करातील एक पळवाट बुजवून मिळालेले पैसे यांवर निभावले. महाराष्ट्र सरकारने १९६९ मध्ये लॉटरी काढली तेव्हाही नशिबाच्या पैशावर लोककार्य चालवावे काय, हा प्रश्न होताच. येथे तर लोककार्य कोणते, हाच प्रश्न होता.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे नमूद केली पाहिजे. यंत्रावरील जुगार पुढे इतका फोफावला की २०२३ साली राज्याने आपले कर्ज मुदतीपूर्वी सुमारे वीस वर्षे फेडून टाकले. समर्थकांनी याला आपला विजय मानले. पण अंदाज दहा वर्षांनी उलट्या दिशेने चुकला, एवढ्याने तो करणारे शहाणे ठरत नाहीत, आणि मद्यगृहात बसून चिठ्ठ्या उघडणाऱ्याच्या खिशातून आलेला पैसा काही आकाशातून पडलेला नव्हे. रॉजर नॉल व अँड्र्यू झिंबालिस्ट यांनी १९९७ सालीच दाखवून दिले होते की, स्टेडियममुळे शहराची भरभराट होते हा समज आकडेवारीस टिकत नाही. लोक करमणुकीवरचा तोच पैसा दुसरीकडून इकडे वळवितात, एवढेच.

जेथे लोकांना विचारले जाते तेथे काय होते? मिसूरी राज्यातील जॅक्सन परगण्यात २ एप्रिल २०२४ रोजी अशाच कराला सुमारे ५८ टक्के मतदारांनी नकार दिला. जूनमध्ये शेजारच्या कॅन्सस राज्याने तेच संघ ओढून घेण्यासाठी खर्चाच्या ७० टक्क्यांपर्यंत रोखे काढण्याचा कायदा केला.

मिनीॲपोलिसचे नवे स्टेडियम मेट्रोडोमच्याच जागेवर २०१६ साली उभे राहिले. संघाशी झालेला करार तीस वर्षांचा आहे आणि शहराचा भार २०४६ पर्यंत चालू राहावयाचा आहे. मेट्रोडोम २०१४ मध्ये पाडला गेला तेव्हा त्याचे वय बत्तीस वर्षांचे होते.