सोपे चार्ट कुणाचे?

उजवा गुडघा झिजला असेल तर एम १७.११, डावा असेल तर एम १७.१२. एक्स-रे तीन बाजूंनी काढला तर ७३५६२, चार किंवा अधिक बाजूंनी काढला तर ७३५६४. अमेरिकेत कुणी आजोबांनी डॉक्टरांना गुडघा दाखवला, की त्या भेटीचा चार्ट हैदराबाद, चेन्नई, पुणे किंवा नवी मुंबईतल्या एखाद्या स्क्रीनवर उघडतो. बीएस्सी, बीफार्म नाहीतर बीएचएमएस झालेला मेडिकल कोडर तो वाचतो आणि डॉक्टरांचं लिखाण या आकड्यांत बसवतो. विमा कंपनी पैसे देते ते या आकड्यांवर.

यातल्या आजारांच्या कोडच्या यादीचं, म्हणजे आयसीडीचं, मूळ मृतांच्या मोजणीत आहे. पॅरिसचे सांख्यिकीतज्ज्ञ जाक बर्तियाँ यांनी १८९३ साली शिकागोत मृत्यूच्या कारणांची वर्गवारी मांडली. (त्यांचे भाऊ आल्फाँस गुन्हेगारांची अंगमापं घेऊन ओळख पटवत. घराण्यालाच वर्गवारीचा नाद.) १९४८ मध्ये ती जागतिक आरोग्य संघटनेकडे आली आणि तिच्यात आजारही आले. अमेरिकेने दहावी आवृत्ती १ ऑक्टोबर २०१५ला लागू केली, तेव्हा निदानांचे कोड चौदा हजारांच्या आसपास होते ते सत्तर हजारांच्या आसपास गेले. बदक चावलं तर त्यालाही स्वतंत्र कोड आहे.

कोड शोधणं हा यातला सोपा भाग. खरी कसोटी नियमांची. डॉक्टरांनी ‘न्यूमोनिया असावा’ असं लिहिलं आणि रुग्ण ओपीडीतला असेल, तर न्यूमोनियाचा कोड लावायचा नाही. खोकला, ताप अशी लक्षणंच नोंदवायची. तेच वाक्य दाखल रुग्णाच्या डिस्चार्जच्या वेळी आलं, तर न्यूमोनिया झालाच असं धरून कोड लावायचा. मधुमेह आणि मूत्रपिंडाचा जुनाट आजार दोन वेगळ्या ओळींत लिहिलेले असले, तरी डॉक्टरांनी स्पष्ट नाकारलं नसेल तर त्यांचा संबंध गृहीत धरायचा.

आणि रक्तातलं क्रिएटिनिन दोन दिवसांत दुपटीला गेलंय, सलाइन सुरू आहे, रोज तपासणी होतेय, पण ‘मूत्रपिंडाला अचानक इजा’ असं डॉक्टरांनी कुठेच लिहिलेलं नाही, तर? कोडरला दिसतं, कळतं, तरी कोड लावता येत नाही. निदान करणं त्याचं काम नव्हे. तो डॉक्टरांना क्वेरी पाठवतो, आणि तीही उत्तर सुचवणारी चालत नाही. आकडे समोर ठेवायचे, याचा वैद्यकीय अर्थ काय ते लिहा म्हणायचं आणि वाट पाहायची. इतकं सोवळं पाळण्याला कारण आहे. सरकारी विम्याकडून वाढीव कोड लावून पैसे उकळणाऱ्यांवर अमेरिकेत खोट्या दाव्यांविरुद्धचा कायदा लागतो. तो लिंकनच्या काळातला, १८६३चा. यादवी युद्धात सैन्याला निकृष्ट माल खपवणाऱ्या ठेकेदारांसाठी केलेला.

आता यंत्राकडे येऊ. गुडघ्याच्या एक्स-रेचा रिपोर्ट छोटा, ठरावीक भाषेतला असतो. असे चार्ट सॉफ्टवेअर माणसाचा हात न लागता कोड करून पुढे ढकलू लागलं आहे. अडकलेले तेवढे माणसाकडे येतात. हे घडणार याची चाहूल शेजारच्या धंद्याने आधीच दिली होती. २०००च्या सुमारास आपल्याकडे मेडिकल ट्रान्सक्रिप्शनचे क्लास जोरात होते. अमेरिकन डॉक्टरांचा आवाज कानाला लावून टाइप करायचं आणि ६५ अक्षरांची एक ओळ धरून पैसे मिळवायचे. पुढे आवाज ओळखणारं सॉफ्टवेअर आलं, टाइप करणाऱ्याचा ‘एडिटर’ झाला आणि ओळीचा दर उतरला. या क्षेत्रातली न्युअन्स ही कंपनी मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये विकत घेतली. डॉक्टर आणि रुग्णाचं बोलणं ऐकून परस्पर टिपण तयार करणारी तिची यंत्रणा आता दवाखान्यांत आहे.

अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी खात्याच्या अलीकडच्या अंदाजांत ट्रान्सक्रिप्शनच्या नोकऱ्या घटणाऱ्या आणि वैद्यकीय नोंदी सांभाळणाऱ्यांच्या वाढणाऱ्या दाखवल्या आहेत. कोडिंगचे क्लासवाले त्यातला दुसरा भाग तेवढा पोरांना ऐकवतात. पण तो अंदाज अमेरिकेतल्या नोकऱ्यांचा आहे, पुण्यात टार्गेटवर बसलेल्या फ्रेशरचा नव्हे. मला काळजी त्या फ्रेशरची वाटते. नवा कोडर आधी महिनोन्‌महिने सोपे चार्ट करतो, ऑडिटमध्ये ९५ टक्के अचूकता टिकवतो, मग त्याला शस्त्रक्रियेचे, आयसीयूचे चार्ट मिळतात. सोपे चार्ट यंत्राने नेले, तर क्वेरी कधी पाठवायची हे ओळखणारी नजर कुठे घडणार? अनुभवी लोकांना आज मागणी आहे, पण नव्यांना शिकवण्याचा खर्च कोणी उचलायला तयार होईल असं वाटत नाही.

आपल्या इस्पितळांत तर हे काम नीट उभंच राहिलेलं नाही. विम्याच्या क्लेम फॉर्ममध्ये इस्पितळाने भरायच्या भागात आयसीडी-१०च्या कोडसाठी रकाने छापलेले असतात. बऱ्याच ठिकाणी ते विम्याचे दावे हाताळणाऱ्या टीपीए डेस्कवरचा कर्मचारी गूगलवर शोधून भरतो, कारण कोडर नावाची जागाच तिथे मंजूर नसते. आता तिथे माणूस नेमण्याआधीच सॉफ्टवेअर विकणारे येऊन बसले आहेत.